ओल भिंतीची, बोल बाईला

मैत्रिणींनो,

पावसाळ्यात बाळ जन्मलं की बाळंतिणीला बहुधा घरातली आतली, अंधारी खोली मिळते. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद असतात. दोरीवर ओले लंगोट, दुपटी आणि सकाळ-संध्याकाळ धुरी. याच खोलीत कपाटामागे काळे-हिरवे ठिपके उमटू लागतात. पुढे बाळाची छाती घरघरली की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : 'तुझं लक्ष कुठे असतं?'

या प्रश्नाबद्दलच मला लिहायचं आहे. बुरशी ओलाव्यावर वाढते. गच्चीला गेलेल्या भेगा, वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी, फुटका पाइप, हवा न खेळणारी खोली ही तिची कारणं. यातलं बाळंतिणीच्या हातात काय असतं? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल्या, बुरशीच्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध नोंदवला. त्यावर उपाय सांगितला तो ओलावाच रोखण्याचा.

बोल लावण्याची ही रीत फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ सालीच केली होती. घर देणाऱ्या संस्थेने दोष कुटुंबाच्या राहणीवर ढकलला. घरातल्या बुरशीमुळेच हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. आई-वडील लढले. २०२३ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून अशा घरमालक संस्थांवर ठरावीक मुदतीत दुरुस्तीचं बंधन आलं.

आपण काय करायचं? आधी घरातली सर्वांत कोरडी, उजेडाची खोली आई-बाळाला द्यायची, मग ती एरवी कुणाचीही असो. पाळणा ओल्या भिंतीपासून दूर ठेवावा. पाऊस उघडला की खिडक्या उघडाव्यात, कपडे दुसरीकडे वाळत घालावेत. धुरी बंदच करावी. कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. डाग साबणाच्या पाण्याने पुसून भिंत कोरडी करावी. त्या वेळी बाळ खोलीत नको. हे काम बाळंतिणीचंही नाही; नवऱ्याने मास्क लावून करावं. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. ओल तशीच ठेवून वरून रंग दिला तर बुरशी परत येते. बाळाला धाप लागत असेल, दूध ओढता येत नसेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

पण भिंतीची दुरुस्ती कुणी करायची? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी दुरुस्तीची अट करारातच लिहून घ्यावी. सहकारी सोसायटीत पावसाच्या पाण्याची गळती थांबवणं ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे.

खरी अडचण पुढेच आहे. भाडेपावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, सोसायटीच्या सभेला जातात पुरुष. ज्या खोलीत बाई चोवीस तास बाळाला घेऊन बसते, त्या खोलीबद्दल लेखी तक्रार करायलाही तिला दुसऱ्याची सही लागते. मात्र कलम १४ ची नोटीस भाडेकरूंना एकत्रितपणेही देता येते, हे आपण ध्यानात घेतलं पाहिजे. मंडळांनी, गटांनी येत्या पावसाळ्याआधी आपापल्या वस्तीतल्या गरोदर आणि बाळंतीण बायकांची घरं पाहावीत, ओलीची नोंद करावी, अर्ज एकत्र लिहावेत. आणि कुणी आईला बोल लावू लागलं, तर त्याला आधी भिंतीकडे बघायला सांगावं.

आपली,
संपादक