मुडदूस रोखणारे थेंब प्रत्येक बाळाला द्या

लीड्समधील चार वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक गर्भवतीला उत्पन्नाची अट न लावता ड जीवनसत्त्व मोफत मिळालेच पाहिजे. या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस हा व्हिक्टोरियन काळातल्या धुरकट गिरणी-शहरांचा आजार. तो 21व्या शतकात इंग्लंडच्या रुग्णालयांत पुन्हा दिसावा, ही नामुष्की आहे.

ऑक्टोबर ते मार्च या काळात इथले ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके प्रखर नसते. सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही अधिक वेळ ऊन लागते. त्यात मासे-अंडी वर्ज्य असलेल्या मराठी घरांत आहारातून ही तूट भरून निघत नाही. परिणाम केवळ वाकलेल्या पायांपुरता राहत नाही. रक्तातले कॅल्शियम घसरून तान्ह्या बाळाला आकडी येते, क्वचित हृदयही कमकुवत होते.

एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम मात्रा द्यावी, असे सरकारच सांगते. मात्र ‘हेल्दी स्टार्ट’ योजनेतले मोफत थेंब प्रामुख्याने अल्प उत्पन्नाच्या, सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत. कामाच्या व्हिसावर आलेल्यांना ती मदत सहसा मिळतच नाही.

बर्मिंगहॅमने 2005 पासून सरसकट वाटप केले आणि लहान मुलांमधील लक्षणे दिसणाऱ्या कमतरतेचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले.

लीड्स महापालिका आणि आरोग्य यंत्रणेने येत्या हिवाळ्याआधी निधी मंजूर करावा, आरोग्यसेविकेच्या पहिल्याच भेटीत बाटली घरात पोहोचवावी आणि मात्रेची माहिती मराठीसह पालकांच्या भाषांत द्यावी.