उपग्रह नको, नोंदी वाचणारे हवेत!

पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधनाची जोड देण्याचा विचार आता कागदावरून वर्गात उतरू लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. त्यातील १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पासाठी आहेत. या १२ श्रेयांकांत विद्यार्थी नेमके काय करणार, हा खरा प्रश्न आहे. जुन्याच प्रयोगांना नवे मुखपृष्ठ चढवून वह्या सादर होणार असतील, तर हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणावा लागेल.

या प्रश्नाचे एक उत्तर अवकाशातील प्लाझ्माच्या अभ्यासात दडलेले आहे. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तो बव्हंशी अडविते; मात्र सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख झाले की हा बांध सैल होतो आणि भूचुंबकीय वादळ उठते. त्याचे परिणाम केवळ पुस्तकी नाहीत. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टारलिंक’ने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी तब्बल ३८ उपग्रह वातावरणाच्या वाढलेल्या घर्षणामुळे गमवावे लागले. भारताचे दक्षिण टोक तर चुंबकीय विषुववृत्ताच्या निकट असल्याने आपल्या डोक्यावरील आयनांबर विशेष अस्थिर. विमानांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘गगन’ प्रणालीलाही त्याचा सतत हिशेब ठेवावा लागतो.

या विषयात महाराष्ट्राचा वारसा मोठा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून हे काम विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलविण्यात आले. सप्टेंबर १८५९ मधील महावादळात कुलाब्याच्या उपकरणांनी क्षैतिज चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली होती. तिचे पूर्ण महत्त्व जगापुढे आले ते २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे. जवळपास दीड शतक पडून राहिलेल्या आकड्यांतून नवे विज्ञान निघाले, ते कोणी तरी ते नीट वाचले म्हणून.

विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात हात घातल्याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’. आयनांबरातील एकूण इलेक्ट्रॉनसंख्या मोजण्यासाठी आखलेला हा सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. संकल्पना मात्र २००७ ची! मधल्या नऊ वर्षांत विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या आल्या नि गेल्या. अभियंते घडविण्याच्या दृष्टीने हा उपक्रम मोलाचाच होता. परंतु एका वर्षाच्या प्रकल्पासाठी हा मार्ग नव्हे, आणि प्रत्येक महाविद्यालयाला तो परवडणाराही नाही.

सुदैवाने आता त्याची गरज उरलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावरील ‘अ‍ॅस्पेक्स’ आणि ‘पापा’ ही उपकरणे सौरवाऱ्याचे कण मोजतात. या यानाच्या वैज्ञानिक नोंदी ‘इस्रो’ने खुल्या केल्या आहेत. ‘नासा’च्या नोंदी तर कित्येक वर्षांपासून विनामूल्य मिळतात. मे २०२४ चे वादळ हे दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळ होते. लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबडी आभा दिसली. सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळल्यापासून भूमीवरील क्षेत्र ढासळेपर्यंत किती वेळ गेला? सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने वाऱ्याला ते अंतर कापण्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. वादळात वेग वाढला की हा अवधी किती उरतो? साधा संगणक आणि पदवीचे गणित एवढ्या भांडवलावर विद्यार्थी हे तपासू शकतो. त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत छापलेले नाही.

अडचण आहे ती मार्गदर्शकांची. महाविद्यालयातील प्राध्यापकांना या नोंदी हाताळण्याची सवय नसेल, तर विद्यार्थ्याला ती कोठून लागणार? पनवेलला भूचुंबकत्व संस्था आहे. ‘आदित्य’वरील अतिनील दुर्बीण साकारणारी ‘आयुका’ पुण्यात आहे. विद्यापीठांनी अशा संस्थांशी करार करून आधी प्राध्यापकांसाठी सुटीतील वर्ग घ्यावेत, प्रकल्पांना सह-मार्गदर्शक मिळवून द्यावेत आणि एका तुकडीचे काम पुढच्या तुकडीच्या हाती राहील अशी व्यवस्था करावी. यास मोठा निधी लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

कुलाब्याच्या नोंदींना वाचक मिळण्यासाठी दीड शतक थांबावे लागले. ‘आदित्य’च्या नोंदींवर ती वेळ येऊ नये.