रीलवरचा ओरखडा : मिटवायचा की दाखवायचा?



घरातल्या एका टेबलावर सुरू करता येतील अशा रिपेअरिंगच्या धंद्यांबद्दल आपण व्हिडिओत बोललो. त्यात फिशिंग रीलचा विषय घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय. रील म्हणजे मोबाईलवरची नाही बरं का! गरवायच्या रॉडला दोरी गुंडाळायला लावतात, ती.

आपल्या किनाऱ्यावर हौशी गरवणारे बरेच आहेत. शिमानो, दाइवा, पेन अशा कंपन्यांच्या रील त्यांच्याकडे असतात. खडकावर रॉड टेकवला की रीलला चरा पडणारच. अशा जुन्या रील स्वस्तात घ्यायच्या, ओरखडे घासून चकाचक करायच्या आणि चांगल्या भावाला विकायच्या, हा धंदा कागदावर फार सोपा वाटतो. माझं मत स्पष्ट आहे : ही चकाकी विकायला जाऊ नका. सर्व्हिसिंग विका, आणि ओरखडा असेल तर तो दाखवून विका.

का ते कळायला आधी धातू समजून घ्या. स्पूल किंवा हँडलसारखे बरेच रंगीत भाग ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांचा रंग वरून मारलेला नसतो. ते ॲनोडायझिंग असतं. आम्लाच्या बाथमध्ये वीज सोडून धातूच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर वाढवतात, त्याच्या बारीक छिद्रांत रंग मुरवतात आणि मग छिद्रं बंद करतात. हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. रंग आणि संरक्षण दोन्ही त्याच्यातच. तुम्ही चरा घालवायला आजूबाजूला वॉटर पेपर मारलात की चऱ्याबरोबर थरही जातो. खाली उघडं ॲल्युमिनियम निघतं. पॉलिश केल्यावर ते आरशासारखं चमकतं, फोटोत तर नव्यापेक्षा भारी दिसतं. गिऱ्हाईक ती रील घेऊन खाऱ्या पाण्यावर जातं आणि काही दिवसांनी तिथे पांढरी भुकटी धरते, मग बारीक खड्डे पडतात. पैसे तुम्ही घेतलेत, नुकसान त्याचं झालं. आणि गरवणाऱ्यांचं जग छोटं असतं हो, एकाच खडकावर चार ओळखीचे भेटतात.

काही जण म्हणतील, मग परत ॲनोडायझिंग करून घेऊ. त्यासाठी जुना थर रसायनात पूर्ण काढावा लागतो, त्यात थोडा धातूही जातो आणि बेअरिंगच्या घट्ट बसणाऱ्या जागा सैल होऊ शकतात. शिवाय अनेक रीलची बॉडी साच्यात ओतलेली असते. त्या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त असलं तर ॲनोडायझिंग करड्या डागांसारखं येतं, म्हणून अशा बॉडीला बहुधा रंगच दिलेला असतो. एका नगासाठी हा उद्योग परवडत नाही. विषय संपला.

मग ओरखड्याला हातच लावायचा नाही का? लावायचा, पण थोडक्यात. रील गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, कोरडी करा. चरा तेवढाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा म्हणजे तेल-ग्रीस निघेल. ॲसिटोन वापरू नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातं. मग जुळत्या रंगाचा गाडीचा टच-अप पेंट किंवा चक्क नेलपॉलिश टूथपिकच्या टोकाने चऱ्यातच भरा. दोन-तीन पातळ हात, मध्ये वाळू द्या. जवळून पाहिलं तर डाग कळतो, कळू दे. उघड्या धातूवर पाणी बसू नये, एवढंच काम आहे. ग्रॅफाइटच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या बॉडीला तर गंजही नाही, तिथे हे पूर्ण ऐच्छिक.

एक जागा मात्र वेगळी. स्पूलची वरची कड, जिच्यावरून दोरी सुटते, तिथला चरा दिसण्याचा नाही, कामाचा प्रश्न आहे. ब्रेडेड दोरी तिथे घासून कमजोर होते आणि मोठा जिताडा लागला की नेमकी तुटते. तपासायला कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. तंतू अडकला की समजा तिथे धार आहे. स्पूल रीलपासून वेगळा करा, बेअरिंग झाका, आणि १००० नंबरचा, मग २००० नंबरचा ओला वॉटर पेपर फक्त त्या खाचेवर, कडेच्या दिशेने फिरवा. कापूस सरकला की थांबा. थोडा रंग जाईल, गिऱ्हाइकाला आधी सांगा. हे काम १५-२० मिनिटांचं आहे आणि त्याचे पैसे मागताना अजिबात लाजू नका.

आता हिशेब. समजा अख्खी बॉडी घासून चमकवायला तीन तास गेले आणि त्याचे तुम्ही ३०० रुपये घेतलेत. तासाला १०० पडले. त्याच तीन तासांत दोन रील उघडून, जुनं ग्रीस काढून, ड्रॅगचे वॉशर साफ करून, खरखर करणारं बेअरिंग बदलून दिलंत, आणि प्रत्येकी ५०० घेतलेत तर? आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, फरक तोच राहील. वर सर्व्हिसिंगवाला पुढच्या सीझनला परत येतो. चमकवून घेणारा पुन्हा येतो तो बहुतेक तक्रार घेऊनच.

जुनी रील विकत असाल तर जाहिरातीत चऱ्याचा फोटो जवळून, उजेडात काढून टाका. "सर्व्हिसिंग केलेली आहे, बॉडीवर डाव्या बाजूला ओरखडा, स्पूलची कड गुळगुळीत" असं लिहा. भाव थोडा कमी मिळेल, मान्य आहे. पण घासाघीस करणाऱ्याला तुम्ही उत्तर देऊ शकाल, आणि वस्तू हातात पडल्यावर "हे सांगितलं नव्हतं" म्हणायला त्याला जागा उरणार नाही.

एखादं गिऱ्हाईक हट्टच धरेल, "भाऊ, मला चमकतच पाहिजे." रील त्याची, पैसे त्याचे. उघडा धातू खाऱ्या पाण्यात टिकणार नाही, हे बिलावर लिहा, त्याची सही घ्या, आणि मगच वॉटर पेपर हातात घ्या.