जालन्याची हापशी आणि आपले इंजिनिअर





परदेशातले ख्रिस्ती इंजिनिअर आणि आर्किटेक्ट रजा काढून येतात, मिशनच्या दवाखान्याचा नाहीतर शाळेचा नकाशा फुकट काढून देतात आणि परत जातात. ही सेवा बऱ्याच देशांत चालते. 1982 साली अमेरिकेत सुरू झालेली इंजिनिअरिंग मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल ही त्यातली ठळक संस्था. आपल्या मंडळीत असा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, आपल्याकडे कधी येतील हो हे लोक? मला वाटतं, आता ती वाट पाहत बसू नये.

एक कारण कायद्याचं आहे. 2020 मध्ये विदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला आलेला विदेशी पैसा आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कार्यालयीन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातल्या लहान कामापर्यंत जो पैसा झिरपत यायचा, ती वाटच बुजली. नकाशा फुकट मिळाला तरी सिमेंट-लोखंड कुठून आणायचं?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्या दारातच उभं आहे. गावात आपण ज्याला बोरिंग म्हणतो ती हापशी घ्या. पूर्वी खेड्यांत बसवलेले पंप बिडाचे होते, विलायतेत एका घरापुरत्या वापरासाठी बनलेल्या पंपांची नक्कल. आपल्याकडे एकेका पंपावर सारं गाव दिवसभर पाणी भरणार. पंप टिकणार कसे? पटापट मोडले. 1960 नंतरच्या दुष्काळी वर्षांत जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने बोअर खणता खणता पोलादी, दणकट पंप तयार केला. पुढे सोलापुरात एका स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकच्या हातून त्याहून टिकाऊ पंप निघाला. त्यावरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास ही सरकारी कंपनी यांनी इंडिया मार्क टू बनवला. डिझाईन कोणी स्वतःच्या नावावर राखून ठेवलं नाही, म्हणून कारखाने वाढले आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळू लागले. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे 50 लाख पंप जगभर लागले होते. हे काम पंधरा दिवसांच्या भेटीत झालं असतं का? तिथे राहून मोडलेला पंप पुन्हापुन्हा उघडणारी माणसं होती, आणि पाना हातात धरणारा मिस्त्री इथलाच होता.

लॉरी बेकरांचंही तसंच. 1945 मध्ये कुष्ठरोग मिशनचे आर्किटेक्ट म्हणून ते इंग्लंडहून आले. इंग्लंडात शिकलेलं इथे फारसं चालत नाही हे पाहून ते गावच्या गवंड्यांकडून शिकले, आणि 2007 मध्ये तिरुवनंतपुरमला वारले ते भारताचे नागरिक म्हणून.

उलट उदाहरणही पाहिलंय. एका संस्थेत (नाव घेत नाही) पाहुण्यांनी पाणी शुद्ध करायचं छान यंत्र दिलं. दोन वर्षांत एक भाग गेला, तो नागपूरलाही मिळेना. आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवतात.

आपला मुलूख जुन्या स्वीडिश मिशनचा. त्या कामातून उभ्या राहिलेल्या लुथरन मंडळीचं मुख्य कार्यालय छिंदवाड्याला आहे. शेजारच्या बैतुल जिल्ह्यातलं पाढरचं हॉस्पिटल तिचंच. अशा जुन्या मिशनच्या कामांना नव्या इमारतींपेक्षा आहे ते सांभाळायची गरज जास्त आहे. कवेलू कुठे सरकले, वायरिंग किती जुनं, अर्थिंग आहे की नाही, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब, हे पाहायला परदेशी पाहुणा कशाला हवा? आपली पोरं नागपूर-पुण्याला इंजिनिअर झालीत. चर्चमध्ये त्यांना आपण गिटार देतो, नाताळला तारा टांगायला लावतो. पाळकसाहेब, एकदा त्यांना छतावरही चढवा ना!

शेजाऱ्यांसाठीही दोन शब्द. मिशनच्या सेवेमागे हेतू काय, अशी कुजबुज असते. समोर विचारलं तर बरं. जालन्याच्या पंपाची पोरं-नातवंडं आज देवळासमोर आहेत, मशिदीमागे आहेत, आणि त्यावर पाणी भरायला कोणाला जात-धर्म सांगावा लागत नाही. मंडळीतल्या पोरांनी तपासणी सुरू केली तर सरकारी शाळेचं वायरिंगही, गुरुजींनी परवानगी दिल्यास, पाहता येईल.

तर सूचना अशी. पांढुर्णा आणि सौंसर मिळून, यंदा नाताळच्या सुटीत घरी येणाऱ्या इंजिनिअर, डिप्लोमा आणि आयटीआयवाल्या मुला-मुलींची यादी पाळकांनी करावी. दोन दिवस द्यायचे. प्रत्येक इमारतीची एक वही: काय पाहिलं, काय दुरुस्त केलं, सामान कोणत्या दुकानातून, खर्च किती. सोबत गावातला एक मिस्त्री, त्याची मजुरी देऊन. वही पुढच्या नाताळला पुन्हा उघडायची. पहिल्या वहीचे आणि मिस्त्रीच्या दोन दिवसांचे पैसे माझ्याकडून.

— मंडळीचा एक सभासद, सौंसर