तेराव्यानंतरचे वर्ष

भाद्रपदाच्या कृष्णपक्षात आपण पितरांचे स्मरण करतो. पितृऋण मानणारा हा पंधरवडा आपल्या संस्कृतीचे भूषण आहे. परंतु जे गेले त्यांच्यामागे जे उरले, त्यांच्याविषयीचे कर्तव्य आपण तितक्याच निष्ठेने पाळतो काय, हा प्रश्नही याच निमित्ताने समाजाने स्वतःस विचारावयास हवा.

आपल्या पूर्वजांना मनुष्यस्वभावाची सखोल जाण होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही; आप्त-शेजारी पिठलेभात घेऊन येतात. दहाव्या-तेराव्याच्या निमित्ताने घर माणसांनी भरलेले राहते. पुढे मासिक श्राद्धे, वर्षश्राद्ध, पहिल्या सणाला आप्तांचे आवर्जून येणे. शोक तेरा दिवसांत सरत नाही, हे परंपरेने ओळखले होते. आज विधी उरले, सोबत मात्र सुटली. चौदाव्या दिवशी पाहुणे परततात आणि सदनिकेचे दार बंद होते. खरा एकांतवास तेथून सुरू होतो.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने ते तेरा दिवसही हिरावले. असंख्य कुटुंबांना अंत्यदर्शनही घडले नाही. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये योजना जाहीर करून वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपयांची तरतूद केली. राज्य शासनाने पाच लाखांची ठेव देऊ केली. ही मदत आवश्यकच होती. परंतु रात्री दचकून उठलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवण्याचे काम ठेवपावती करू शकत नाही. ते समाजाचे काम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभारले, ते याच जाणिवेतून.

मुलांच्या बाबतीत तर आपण फारच चुकतो. ‘बाबा परगावी गेलेत’ असे सांगून वेळ मारून नेतो. मूल वाट पाहत राहते आणि पुढे आपल्याला सोडून गेल्याचा सल मनात धरते. कित्येकदा आपल्याच हट्टामुळे हे घडले, असेही त्याला वाटते. साक्षात यमाला मृत्यूचे रहस्य विचारणारा नचिकेता बालकच होता. आपल्या ऋषींनी तो प्रश्न अनुचित मानला नाही. मग आपण का मानावा? मुलाला सोप्या शब्दांत खरे सांगावे, पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे. त्याची शाळा, खेळ, जेवणाची वेळ मोडू देऊ नये. वर्गशिक्षकांना कल्पना द्यावी. आईने मुलासमोर अश्रू ढाळले तर त्यात वावगे काही नाही.

मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजाने विधवेचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे आता थांबवलेच पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये तसा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. शोकाकुल स्त्रीवर अवहेलनेचा भार टाकणे हा धर्म नव्हे.

कार्यकर्त्यांनी येथे पुढाकार घ्यावा. आपल्या वस्तीत वर्षभरात कोणाकडे दुःखद घटना घडली, याची माहिती ठेवावी. महिन्यातून एकदा तरी त्या घरी जावे. उपदेशासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी निघू द्याव्यात. वारसनोंद, निवृत्तिवेतन, बँकेची कामे यांत सोबत करावी. एक पालक गमावलेल्या मुलासाठीही बालसंगोपन योजना आहे, हे सांगून अर्ज भरून द्यावा. दिवाळीत त्या मुलांना आपल्या घरी आणावे. कोणी दीर्घकाळ अन्न-झोप सोडून बसले असेल, जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, तर वैद्यकीय साहाय्य घेण्यात संकोच नसावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

पितरांना अर्पिलेले तिलोदक त्यांच्या लेकरांच्या सांभाळानेच सार्थ होते. वर्षश्राद्धापर्यंत एका तरी घराची सोबत न सोडण्याचा संकल्प प्रत्येक कुटुंबाने या पक्षात करावा.