बाबांची वही

गेल्या महिन्यात परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत जे हसू फुटलं, ते अजून माझ्या कानांतून जात नाही. दिवंगत सभासदांबद्दल बोलायला माझे बाबा उभे राहिले. त्या सभासदांचे इथले शेजारीही आले होते, म्हणून बाबा आवर्जून इंग्रजीत बोलले : 'माय डिअर फ्रेंड हॅज किक्ड द बकेट.' मागे बसलेली मुलं फिसकन हसली, ते एक वेळ समजू शकतो. पण आपल्यातली मोठी माणसंही रुमालाआड हसली, आणि चहाच्या वेळी तेच वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होती.

बाबा लालबागचे, गिरणीत साचेखात्यात. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. कुठे ऑफिसात चिकटता यावं म्हणून त्यांनी फाउंटनच्या फुटपाथवरून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग आणले, परळला एका क्लासात नाव घातलं. त्यांची दोनशे पानी वही माझ्याकडे आहे. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. 'किक द बकेट : मरणे.' एवढंच.

घोळ आहे तो या 'मरणे'त. गचकला, खपला, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, हे आपण कुणाबद्दलही सरसकट बोलतो का? शोकसभेत 'गचकले' म्हणू नये हे कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही. चाळीच्या गॅलरीत कानांवर पडून ते आलं. इंग्रजीची तशी गॅलरी बाबांना कुठून मिळणार? शाळेतल्या यादीने आम्हालाही अर्थ तेवढा दिला. कोण, कुणापुढे, कुठल्या वेळी असं बोलतं, ते वगळून.

आता घरातलंच सांगतो. माझी मुलगी मंडळाच्या मराठी शाळेत जाते. एका रविवारी आजोबा सोफ्यावर पेंगले, तर ती स्वयंपाकघराकडे ओरडली, 'आई, आजोबांनी डोळे मिटले!' बायकोच्या हातून परात पडली. त्या आवाजाने बाबा जागे झाले, नातीला जवळ घेऊन म्हणाले, 'मिटले नाहीत गं बाळा, डोळा लागला होता.' घरात कुणी हसलं नाही, आणि ती ते पुन्हा कधी चुकली नाही.

मग हेच बाबांच्या वाट्याला का येऊ नये? ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे त्यांनी बाजूला घेऊन सांगावं, 'काका, हे मित्रामित्रांत चालतं, इथे पास्ड अवे म्हणा.' शिकणाऱ्याला हसलं की तो गप्प बसतो. बाबा त्या दिवसापासून मंडळात इंग्रजीचा एक शब्द बोललेले नाहीत.

जास्त बोललो असेन तर माफ करा. हसणाऱ्यांत माझे जिवलग मित्र आहेत. आणि मीही तेव्हा मान खाली घालून बसून राहिलो, उठून बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो नाही.

परवा मुलीने ती वही मागून घेतली. 'मरणे'च्या पुढे तिने पेन्सिलीने लिहिलं, 'फक्त मित्रांमध्ये'. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, पान उलटलं आणि वही पुन्हा तिच्याकडे सरकवली.