विश्लेषण : जुन्या संगणकाला स्वस्त ग्राफिक्स कार्ड… पैसे वसूल की पैसे पाण्यात?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक कार्यालयांनी आपले जुने संगणक बदलायला घेतले. हेच संगणक पुसूनपासून 'रिफर्बिश्ड' या नावाने मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीतील नेहरू प्लेससारख्या बाजारांतून घरोघरी पोहोचतात. घरातल्या मुलाला गेम खेळायचे असतात, मुलीला व्हिडीओ एडिटिंग शिकायचे असते. मशीन अडखळले की सल्ला ठरलेला : 'एक ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या, पळायला लागेल!' हा सल्ला कधी अगदी योग्य असतो आणि कधी निव्वळ खर्चात पाडणारा. फरक कसा ओळखायचा?

ग्राफिक्स कार्ड नेमके काय करते?

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र कोणीतरी तयार करावे लागते. साध्या संगणकात हे काम प्रोसेसरमध्येच असलेली छोटी चिप करते. त्याला ऑनबोर्ड ग्राफिक्स म्हणतात. तिला स्वतःची मेमरी नसते, ती संगणकाच्या रॅममधूनच जागा उसनी घेते. ग्राफिक्स कार्डावर या कामासाठी वेगळी, मोठी चिप आणि तिची स्वतःची वेगवान मेमरी असते.

त्यामुळे ज्या कामात सतत नवे चित्र रचावे लागते, म्हणजे थ्रीडी गेम, थ्रीडी डिझाइन, व्हिडीओवरील इफेक्ट, तिथे कार्डाचा फायदा लगेच दिसतो. टॅली, एक्सेल, मराठी टायपिंग, ऑनलाइन अर्ज भरणे यांत तो जवळपास शून्य असतो. ऑटोकॅडमधील साधे द्विमितीय आराखडेही मुख्यतः प्रोसेसरच्या जोरावर चालतात.

मग संगणक मंद का वाटतो?

बहुतेक घरांत 'मंद' याचा अर्थ सुरू व्हायला वेळ लागतो, ब्राउझर उघडताना अडकतो, असा असतो. यात ग्राफिक्सचा दोष क्वचितच असतो. दोष असतो जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की दहा वर्षांचा संगणकही ओळखू येणार नाही इतका बदलतो आणि हा खर्च चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या तुलनेत बराच कमी असतो.

रॅमबाबत एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. ८ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर रॅमचा वेग जवळपास दुप्पट मिळतो. ऑनबोर्ड ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्याने त्यालाही थेट लाभ होतो. म्हणून कार्डाचा विचार करण्याआधी एसएसडी आणि रॅमची जोडी, हा क्रम सोडू नये.

'४ जीबी कार्ड' हा आकडा फसवा का?

स्वस्त कार्ड विकताना पुढे केला जातो तो मेमरीचा आकडा : २ जीबी, ४ जीबी. पण पाण्याची टाकी किती मोठी, यापेक्षा नळाला पाणी किती वेगाने येते हे महत्त्वाचे. कार्डाच्या मेमरीचा वेग हा तो नळ.

जीटी ७१० किंवा जीटी ७३० या कार्डांच्या डीडीआर३ मेमरीच्या सर्रास मिळणाऱ्या आवृत्त्यांत हा वेग सेकंदाला साधारण १४ जीबी असतो. चौथ्या पिढीच्या आय५ संगणकात डीडीआर३-१६०० रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्यांचा एकत्रित वेग २५.६ जीबी असतो. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या कार्डाची मेमरी संगणकाच्या स्वतःच्या रॅमपेक्षा धिमी! याउलट २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०५० टीआयचा वेग ११२ जीबी आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० चा १२८ जीबी आहे.

नावही पुरेसे नसते. २०१७ मध्ये जीटी १०३० हे कार्ड ४८ जीबी वेगाच्या जीडीडीआर५ मेमरीसह आले. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती बाजारात आली, तिचा वेग १७ जीबीपेक्षाही कमी. खोक्यावर नाव तेच, काम मात्र निम्म्याच्या आसपास. मेमरीचा प्रकार बिलावर लिहून घेण्याची सवय ग्राहकांनी लावून घ्यायलाच हवी.

शिवाय जीटी ७१० च्या पिढीतील चिप आज मोबाइलमध्ये सर्रास वापरला जाणारा एचईव्हीसी व्हिडीओ किंवा यूट्यूबचा व्हीपी९ व्हिडीओ स्वतः उलगडू शकत नाही. तो भार पुन्हा प्रोसेसरवरच पडतो. तिच्यासाठीची नवी ड्रायव्हर सॉफ्टवेअर २०२१ मध्ये थांबली, सुरक्षा दुरुस्त्याही २०२४ मध्ये संपल्या. ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू असताना केवळ 'कार्ड आहे' म्हणण्यापुरते हे कार्ड घेणे म्हणजे पैसे देऊन ई-कचरा विकत घेणे.

कॅबिनेट उघडून काय पाहायचे?

आपण ज्याला सर्रास 'सीपीयू' म्हणतो, तो डबाच कोणते कार्ड चालेल हे ठरवतो. कार्यालयांतून आलेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० हे नेहमीचे उदाहरण घेऊ. २०१३ च्या या मॉडेलचा छोट्या आकाराचा डबा लोकप्रिय आहे. त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा भाग, २५५ वॉटचा असतो आणि आत फक्त कमी उंचीची, 'लो-प्रोफाइल' कार्डे मावतात. त्याहून लहान, पुस्तकाएवढ्या मॉडेलांत तर कार्डासाठी खाचच नसते.

पहिली तपासणी विजेची. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागत असेल तर एसएमपीएसमधून ६ किंवा ८ पिनची वेगळी केबल यावी लागते. कार्यालयीन संगणकांत ती बहुधा नसते. काही कंपन्यांनी छोट्या डब्यांच्या खाचेसाठी ३५ वॉटचीच मर्यादा घातली आहे. आपल्या मॉडेलची तांत्रिक पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते, ती पाहिल्याशिवाय कार्ड घेऊ नये.

असेंबल्ड पीसी असेल तर एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या '४५० वॉट'वर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि कार्ड या दोघांसाठी मिळून १९२ वॉटच आहेत. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो.

दुसरी तपासणी जागेची. कार्ड एका खाचेची जागा घेते की दोन, त्याच्यासोबत छोटी पट्टी मिळते का, शेजारी एसएमपीएसचा अडथळा आहे का, हे मोजपट्टीने पाहावे. तिसरी मॉनिटरची. जुन्या मॉनिटरला केवळ निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर नव्या कार्डांवर तिच्यासाठी जागाच नसते. वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडायची. ती मदरबोर्डला तशीच राहिल्याने 'काहीच फरक पडला नाही' म्हणणारे कमी नाहीत.

मग कोणती कार्डे विचारात घ्यावीत?

वेगळ्या केबलशिवाय चालणारी कार्डे मोजकीच आहेत. जीटीएक्स १०५० टीआय आता फक्त वापरलेले घेण्याजोगे. त्याच्या पिढीसाठी एनव्हिडियाने गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. जीटीएक्स १६५० त्यानंतरच्या पिढीचे, म्हणून अधिक सुरक्षित निवड. मात्र त्याच्या काही आवृत्त्यांना ६ पिनची केबल लागते, हे विचारून घ्यावे.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ चे कार्ड केवळ ५३ वॉटवर चालते आणि एका खाचेच्या लो-प्रोफाइल रूपातही मिळते. छोट्या डब्यासाठी ते आदर्श वाटते; पण मेख इथेच आहे. हे कार्ड संगणकाशी फक्त चार मार्गिकांनी बोलते. नव्या मदरबोर्डवर या चार मार्गिका सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती वाहतात. ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या जुन्या मशीनवर ४ जीबीच. गेमला कार्डाची ४ जीबी मेमरी अपुरी पडू लागली की वेग गडगडतो. शिवाय त्यात व्हिडीओ एन्कोड करणारा भागच नाही. त्यामुळे एडिटिंग किंवा गेमचे थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी ते टाळावे.

इंटेलचे आर्क ए३८० सहा जीबी मेमरी देते, पण त्याला 'रिसायझेबल बार' ही सोय लागते. ती जुन्या मदरबोर्डवर सहसा नसते आणि ती नसेल तर कार्डाचा वेग बराच घसरतो. म्हणजे कागदावर चांगले असलेले कार्ड नेमके जुन्या संगणकातच मार खाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० (६ जीबी) ७० वॉटवर चालते, व्हिडीओ एन्कोडही करते आणि लो-प्रोफाइल रूपातही मिळते, पण ते दोन खाचांची जागा घेते. किंमत पंधरा-वीस हजारांच्या घरात, म्हणजे अनेकदा जुन्या संगणकापेक्षा जास्त. तरीही त्याची एक जमेची बाजू आहे : उद्या नवा संगणक घेतला तर हे कार्ड काढून त्यात बसवता येते.

वापरलेले कार्ड घेण्यात धोका किती?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कूटचलनाची पद्धत बदलली, कार्डांच्या साह्याने होणारे त्याचे 'मायनिंग' बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतली बरीच अजूनही चालू आहेत, पण पंखे आणि मेमरी झिजलेली असू शकते.

त्याहून मोठा धोका बनावट कार्डांचा. अगदी जुन्या चिपचे सॉफ्टवेअर बदलून ती 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकली जातात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक कार्डे ओळखते आणि 'फेक' असा शिक्का दाखवते. आरएक्स ५८० घेताना त्यात शेडर २३०४ आहेत की २०४८ हेही पाहावे. दुसरा आकडा कमी ताकदीच्या आवृत्तीचा. तेही कार्ड १८५ वॉटचे, म्हणजे कार्यालयीन डब्यासाठी बादच. दुकानातच पंधरा-वीस मिनिटे थ्रीडी चाचणी चालवून पाहा, पडदा चमकला किंवा संगणक बंद पडला तर पुढे जा. पक्के बिल मागा. तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण बिलाशिवाय तिथेही बाजू लंगडी पडते.

कार्ड टाकल्यावर विंडोज ११ चालेल का?

नाही. विंडोज ११ साठी अधिकृतपणे टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. ग्राफिक्स कार्डाने यात काहीही बदलत नाही. विंडोज १० वर नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी अतिरिक्त सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. त्यापुढे लिनक्स हा पर्याय आहे. मात्र व्हॅलोरंटसारखे काही गेम तिथे चालत नाहीत. तोच गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटचा आग्रह धरतो. ज्याला केवळ असा एखादा गेम खेळायचा आहे, त्याने कार्डाआधी या अटी वाचाव्यात.

मग घ्यावे की घेऊ नये?

जुने यंत्र वापरात ठेवणे योग्यच आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्याने नवा संगणक आणखी महागला आहे आणि चालू स्थितीतील मशीन भंगारात जाण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असलेले बरे. परंतु ज्या कुटुंबाने जेमतेम पैसे जमवून संगणक घेतला, त्याच कुटुंबाच्या गळ्यात चार हजारांचे निरुपयोगी कार्ड मारले जाते, ही या बाजाराची दुखरी बाजू आहे.

म्हणून ठोकताळा सोपा ठेवावा. काम कार्यालयीन असेल तर कार्ड नको. एसएसडी आणि रॅम घ्या. गेम किंवा एडिटिंग हे नक्की असेल, प्रोसेसर किमान चौथ्या पिढीचा असेल आणि वीज व जागा दोन्ही पुरत असतील तर जीटीएक्स १६५० किंवा त्यापुढचेच कार्ड घ्या. बजेट तिथवर पोहोचत नसेल तर मधले काहीतरी घेण्यापेक्षा थांबा. पाच हजारांचे चुकीचे कार्ड हे पंधरा हजारांच्या योग्य कार्डापेक्षा स्वस्त नसते, कारण सहा महिन्यांत दुसरे घ्यावेच लागते.

आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी एक काम करा. कॅबिनेटचे झाकण उघडा, मोबाइलवर आतला आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा. 'कुठले कार्ड चांगले?' असे विचारण्याऐवजी तो फोटो दाखवून 'यात कुठले चालेल?' असे विचारा. दुकानदार फोटो नीट पाहून उत्तर देत असेल तर खरेदी तिथे करा; फोटो न पाहताच खोके पुढे सरकवत असेल तर शेजारचे दुकान गाठा.